ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडी या ओपल-खाणींच्या गावाला पहिल्यांदाच जाताय?

मे ते ऑगस्टमध्येच जा. तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, पारा ४५ अंशांच्या पुढेही जातो. मुक्काम जमिनीखालच्या घरातच करा. आत एसीशिवाय गारवा असतो, आणि भिंतींवर यंत्राने कोरल्याच्या गोल खुणांवरून एकदा हात फिरवाच! गावाबाहेर ओपल या रत्नासाठी खणलेले उघडे खड्डे अक्षरशः जागोजागी आहेत. फोटो काढताना मागे सरकू नका, मुलांचा हात सोडू नका. कांकू-ब्रेकअवेज हा टेकड्यांचा परिसर गावापासून साधारण ३० किलोमीटरवर. प्रवेशाचा पास आधीच काढा आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचा. पांढऱ्या-तांबड्या टेकड्या तेव्हाच खुलतात. पाऊस झाला असेल तर मात्र कच्च्या रस्त्याला लागूच नका. परतताना गाडी सावकाश, अंधार पडला की कांगारू रस्त्यावर येतात. भाड्याच्या गाडीचा विमा रात्री चालतो का, तेही आधी विचारून घ्या.