काका देवमाणूस की ढोंगी?

बडोदे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. ज्या काकांनी तुझ्या इंजिनिअरिंगची चारही वर्षांची फी भरली, त्यांनीच दांडिया बाजारातल्या घराच्या वाटणीच्या बैठकीत 'वहिनी, तुम्हाला यातले काय कळते?' असे म्हणून तुझ्या आईला सर्वांदेखत गप्प बसवले, आणि त्या संध्याकाळपासून कालपरवापर्यंतचा देवमाणूस तुला पक्का ढोंगी वाटू लागला. काकांचे बोलणे अपमानास्पदच होते. त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु भरलेली फीसुद्धा मागाहून खोटी ठरवण्याची तुला जी घाई झाली आहे, ती मला खटकते.

मेलनी क्लाइन या मनोविश्लेषक विदुषींची एक मांडणी 1935 सालची आहे. पाजणारी आई आणि वेळेवर न येणारी आई या दोघी एकच आहेत, हे तान्ह्या मुलाला उमगू लागते तेव्हा, जिच्यावर मनात राग धरला ती हीच, म्हणून त्याला खंत आणि अपराधीपणा वाटतो, असे त्या म्हणतात. मोठेपणीही माणूस गुणदोषांसह अखंड पाहायचा तर ही किंमत मोजावीच लागते, आणि ती टाळण्यासाठीच आपण झटपट निकाल देऊन मोकळे होतो.

तुझ्या पत्रात एक वाक्य कंसात आहे: 'मीही तिथेच बसलो होतो.' माझ्या मते सगळ्या पत्राचा भार त्या कंसात आहे. काकांवरचा राग खरा आहे, पण तो सोयीचाही आहे. कारण काका पुरते वाईट ठरले की आईसाठी आपण तोंड उघडले नाही, या शरमेकडे तुला पाहावे लागत नाही. ती वर येईल तेव्हा कान तापतील, छातीत दाटून येईल. त्या क्षणी भावंडांच्या ग्रुपवर काकांविरुद्ध काही लिहू नकोस, तसाच बसून राहा. शरमेने कोणी मरत नाही.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकलेले डॉ. आंबेडकर 1917 साली आपल्या याच गावी नोकरीवर आले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना कोणी जागा देईना. काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना पारशी धर्मशाळेतून घालवून दिले आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटी बागेत बसून होते. ती आठवण निघाली की डोळ्यांत पाणी येते, असे त्यांनी पुढे कित्येक वर्षांनी लिहून ठेवले. त्याच आंबेडकरांनी 1925 साली प्रसिद्ध झालेला आपला अर्थशास्त्राचा ग्रंथ, शिक्षणासाठी केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञतेने महाराजांना अर्पण केला. एकासाठी दुसरे खोडण्याची गरज त्यांना भासली नाही. (तुमच्या घरातले भांडण त्या अन्यायाच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मी जाणतो.)

गणपतीत काकांकडे आरतीला जावे की नाही, असे तू विचारतोस. ते मागाहून ठरव. आधी आईजवळ बस आणि त्या दिवशी मी गप्प राहिलो, हे तिला स्वतःच्या तोंडाने सांग. नंतर काकांकडे गेलास, तर फीचे उपकार आणि तो अपमान हे दोन्ही विषय त्यांच्यापुढे काढ. मात्र चारचौघांत नव्हे, ते एकटे असताना.

तुझा हितचिंतक