वाचकांचे प्रश्न : मोर्स अजून शिकावे का?

प्रश्न : अमेरिकेने २००७ साली हॅम (हौशी रेडिओ) परवान्यासाठी मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतलिपीची, अट काढली. एफटी८ ही संगणकावरची संदेशपद्धत तर कानाला ऐकू न येणारे सिग्नलही वाचते. मग मोर्ससाठी वेळ का घालवायचा? (नाशिक)

उत्तर : ३० मेगाहर्ट्झखालच्या पट्ट्यांसाठी मोर्सची अट ठेवायची की नाही, हे २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने त्या त्या देशावर सोपवले आणि बहुतेकांनी ती काढली. भारतात रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही. जनरल श्रेणीसाठी मिनिटाला ८ शब्द घेण्याची आणि पाठवण्याची चाचणी ठेवलेली आहे. अर्ज भरण्याआधी चालू नियम पाहून घ्या.

पण परवाना बाजूला ठेवला तरी मोर्स शिकावेच, असे आमचे ठाम मत आहे. एसएसबीवर (आवाज पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) बोलायला साधारण २५०० हर्ट्झ रुंदी लागते, मोर्सला १५० हर्ट्झही पुरते. रिसीव्हरचा फिल्टर २५०० वरून २५० वर आणला की गोंगाट दहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून ५ वॅटवर आवाज बुडतो तिथे मोर्सचा सूर निघतो. ट्रान्समीटरही साधा : क्रिस्टल, दोन-तीन ट्रान्झिस्टर, लो-पास फिल्टर (नको त्या वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) आणि १२ व्होल्टची बॅटरी. ७०३० किलोहर्ट्झसाठी डायपोलची (मध्ये जोडलेल्या तारेच्या अँटेनाची) एकूण लांबी मीटरमध्ये १४३ भागिले मेगाहर्ट्झ, इथे ७.०३, म्हणजे सुमारे २०.३. तार दोन्ही बाजूंना २० सेंटिमीटर जास्त ठेवा आणि एसडब्ल्यूआर मीटर (अँटेना जुळली की नाही ते दाखवणारा) बघत थोडी थोडी कापा. आवरण असलेली तार हिशोबापेक्षा थोडी आखूडच बसते.

क्षीण सिग्नलांत एफटी८ कानाच्या पुढे आहे, हे मान्य. पण त्याला संगणक लागतो, घड्याळ सेकंदभरही चुकून चालत नाही, आणि देवाणघेवाण कॉलसाइन (केंद्राचे ओळखनाव), रिपोर्ट (सिग्नल किती जोरात आला), ठिकाण एवढ्यावर संपते. मोकळा मजकूर एका वेळी १३ अक्षरे. समोरच्याला अँटेना कोणती, पाऊस किती, हे विचारायचे तर मोर्सच हवे.

प्रश्न : तीन महिने मोर्सचा तक्ता पाठ केला, तरी मिनिटाला ५ शब्दांपुढे जात नाही. (सांगली)

उत्तर : तक्ताच आडवा येतो आहे. ऐकायचे, टिंबे मोजायची, तक्ता आठवायचा, मग लिहायचे. तोवर पुढचे अक्षर निघून जाते. मिनिटाला ८ शब्दांच्या गतीत एक टिंब १५० मिलिसेकंदांचे असते, त्यामुळे मोजायचा मोह होतोच. अक्षरे २० च्या गतीने ऐका. टिंब ६० मिलिसेकंदांचे होते आणि मोजायला सवड उरत नाही. 'दा-दि-दा' हा के चा एकसंध नाद म्हणूनच कानात बसायला हवा. अक्षरांमधली जागा मात्र लांबवा, म्हणजे एकूण गती ८ वर राहील.

सुरुवात फक्त के आणि एम या दोन अक्षरांनी करा. पाच-पाच अक्षरांचे गट लिहा, शंभरात नव्वद बरोबर आली की तिसरे घ्या. दिवसातून दोनदा १५ मिनिटे पुरेत. रविवारी एकदम दोन तास बसून काही साधत नाही. अक्षर सुटले तर जागा मोकळी सोडून पुढे जा. त्याच्यामागे लागलात की आणखी तीन सुटतात.

कान तयार होईपर्यंत 'की' (मोर्स पाठवायचा खटका) हातात घेऊ नका. घ्याल तेव्हा कोपरापुढचा हात टेबलावर टेकवा, हालचाल मनगटातून होऊ द्या, कॉन्टॅक्टमधली फट पोस्टकार्डाच्या जाडीएवढी ठेवा. रेघ तीन टिंबांएवढी, अक्षरांमधली जागा तीन टिंबे, शब्दांमधली सात. घाईत ही जागाच आक्रसते : ई आणि टी चिकटले की समोरच्याला ए ऐकू येतो.

प्रश्न : घरी बांधलेल्या ट्रान्समीटरचा सूर 'की' दाबताच 'चिंव' असा घसरतो. (रत्नागिरी)

उत्तर : ट्रान्समीटरला अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड (रेझिस्टर) जोडा आणि 'की' दाबून ऑसिलेटरचा, म्हणजे सूर निर्माण करणाऱ्या टप्प्याचा, पुरवठा मोजा. व्होल्टेज खाली येत असेल तर बॅटरी आणि बारीक वायरी तपासा, ऑसिलेटरला ७८एल०८ या व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरवरून वेगळे ८ व्होल्ट द्या. व्होल्टेज स्थिर असूनही सूर घसरला तर पुढच्या टप्प्याचा भार ऑसिलेटरला ओढतो आहे. मध्ये बफर (दोघांना वेगळे ठेवणारा टप्पा) घाला. सूर हळूहळू सरकत असेल तर क्रिस्टलमधून जास्त प्रवाह जाऊन तो तापतो आहे, क्रिस्टलवरचा ड्राइव्ह (त्याला मिळणारी शक्ती) कमी करा. घसरण थांबल्यावर सिग्नल चढायला आणि उतरायला सुमारे ५ मिलिसेकंद घेतो ना, तेही पाहा. तो एकदम चढला तर शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरच्यांना टकटक ऐकू जाते.