वाचक विचारतात : साधं लिहिलं की निबंध होतो का?

प्रश्न : ताई, मागच्या महिन्यात मी आणि माझी मुलगी मुंबईला पेडर रोडचं सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय बघून आलो, तो जुना गुलशन महल आणि शेजारची नवी बिल्डिंग. घरी आल्यावर जसं बोलते तसं चार पानं लिहिलं आणि वाचनगटात वाचून दाखवलं. दोघीतिघी म्हणाल्या, आम्हीच जाऊन आलो असं वाटलं. पण एक सर म्हणाले हा सहावीतला निबंध आहे, भाषेला वजन नाही. तेव्हापासून लिहायला बसले की तेच आठवतं. सोबत ती पानं पाठवतेय. भाषा बदलू का?

उत्तर : नका बदलू. पानं मी दोनदा वाचली आणि मला आवडली, हे आधी सांगते म्हणजे पुढचं नीट ऐकाल.

सरांना काहीतरी खटकलंय ते खरं आहे, फक्त ते साधेपणामुळे खटकलेलं नाही. दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय 'जुने कॅमेरे पाहून मन भारावून गेलं', पुढे 'इतिहास डोळ्यांसमोर उभा राहिला'. ही वाक्यं तुमची नाहीत हो, ती आयती आहेत, किल्ला बघितला काय आणि धरण बघितलं काय, कुठेही चिकटवता येतात. निबंधासारखं वाटतं ते तिथे. आणि त्याच पानावर खाली मुलगी विचारते, 'आई, हे हँडल सारखं फिरवून माणसाचा हात दुखत नसेल का?' तिथे मला कॅमेरा दिसला!

तिच्या प्रश्नावर थांबायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. कारण उत्तर इतकं सुंदर आहे. मूकपटाच्या काळात कॅमेरा हातानेच चालायचा, हँडलचा एक फेरा मारला की फिल्मच्या ८ चौकटी, म्हणजे आठ सुटी चित्रं, पुढे सरकायच्या, सेकंदाला दोन फेरे म्हणजे १६ चौकटी, आणि ३५ मिमीच्या फिल्मवर १६ चौकटींची लांबी भरते बरोबर एक फूट. म्हणजे एक सेकंद, एक फूट. आता दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' साधारण ३७०० फुटांचा होता असं म्हणतात, तर या वेगाने तो तासाभराचा होतो, आणि त्यातला प्रत्येक फूट कुणीतरी उभं राहून, वेग कमीजास्त होऊ न देता हाताने फिरवलेला आहे. बघा, यात एकही अवघड शब्द नाही. वजन माहितीचं असतं, आणि ते पेलायला साधी भाषाच बरी पडते, जड भाषेत वाचणारा निम्म्यावरच सोडून देतो.

फाळक्यांचंच अजून एक सांगते. सिनेमा काढायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ शूट केली. ठराविक वेळाने एकेक चौकट घ्यायची, असं बरेच दिवस. पडद्यावर बघताना ते रोप भराभर वाढताना दिसायचं. ही छोटीशी फिल्म पाहून त्यांच्यावर विश्वास बसला आणि कर्ज मिळालं. राजा नाही, महाल नाही, नुसतं एक रोप दाखवलं. पुढे १९१७-१८मध्ये त्यांनी 'नवयुग' मासिकात आपल्या धडपडीबद्दल मराठीत लेखही लिहिले, मिळाले तर जरूर वाचा.

तर त्या दोन वाक्यांवर काट मारा, हँडलपाशी अर्धं पान थांबा आणि गटात परत वाचा. सर असतील तरी वाचा.

प्रश्न : मी पण संग्रहालयावर लिहितोय. रीळ, प्रोजेक्टर, एडिटिंग हे शब्द तसेच ठेवू की मराठी प्रतिशब्द वापरू? मित्र म्हणतो इंग्रजी शब्द आले की लेखन हलकं होतं.

उत्तर : सिनेमात काम करणारी माणसं जे बोलतात ते ठेवा. रीळ तर आपलंच झालंय, 'रिळं' असं अनेकवचनसुद्धा होतं त्याचं. प्रोजेक्टरला प्रक्षेपक म्हटलं तर वाचणाऱ्याला क्षणभर थांबावं लागतं, आणि तुमचं वाक्य तेवढ्यात निसटतं. उलट बोलपट, मूकपट, चौकट हे छान रुळलेले शब्द आहेत, ते सोडून उगाच सायलेंट फिल्म कशाला? एकच बघा, शब्द कुठलाही असो, पहिल्यांदा येईल तिथे ती वस्तू काय करते ते अर्ध्या ओळीत सांगून टाका.

प्रश्न : तारखा किती द्याव्यात? मी सगळ्या पाट्या उतरवून आणल्यात.

उत्तर : ज्या तारखेला काही घडताना दिसतं तेवढ्याच. ७ जुलै १८९६ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली, ३ मे १९१३ला कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला, १४ मार्च १९३१ला मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' आला आणि पडदा बोलायला लागला. या तीन तारखांत ३५ वर्षं येतात आणि तिन्ही मुंबईतल्याच आहेत, तेवढ्यावरही एक लेख होईल. बाकीच्या पाट्या वहीत राहू द्या. आणि पुन्हा जाणार असाल तर सोमवार सोडून जा, त्या दिवशी बंद असतं.