कोलोरॅडोतली पहिली सोडत

हरणाच्या शिकारीचा परवाना सोडतीतून मिळतो, म्हणून आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स उरक. १९४९ पासून पुढे जन्मलेल्यांना तो सक्तीचा आहे. अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. नामांकित युनिटच्या, म्हणजे शिकारीच्या ठरवलेल्या विभागाच्या, मागे लागू नकोस. पहिली पसंती हुकली तर प्रेफरन्स पॉइंट, म्हणजे पुढच्या सोडतीत अग्रक्रम देणारा गुण, मिळतो, पण नवख्याला रानातले दिवस जास्त मोलाचे. उन्हाळ्यातच नॅशनल फॉरेस्टमध्ये पायपीट करून ये, खासगी हद्दी फोनच्या नकाशात उतरवून ठेव. रायफल सीझनला भडक नारिंगी किंवा गुलाबी जाकीट-टोपी हवीच.

आणि गोळी झाडण्याआधी विचार कर, मांस गाडीपर्यंत किती खेपांत नेशील? मी पहिलं म्यूल डिअर (तिकडचं मोठ्या कानांचं हरीण) खोल घळीत पाडलं. तीन खेपांत रात्र झाली. मांस टिकलं ते थंडीमुळे.