देव कोपीवर येतो का?

"ताई, गावात असले की देव हाय असं वाटायचं. फडात गेलं की नसायचा. आता तर गावात येऊन दोन महिने झाले, तरी नाई. सोडून दिलं का त्यानं मला?"

चर्चच्या मंडळीतल्या माणसांचं ऐकून घेणं, त्यांना धीर देणं हे माझं काम, आणि हाच प्रश्न माझ्याकडे निरनिराळ्या वेशांत येतो. पुण्याला कंपनीत लागलेला मुलगा तो विचारतो, आणि दुसऱ्या मंडळीत लग्न होऊन गेलेली मुलगीही. आपलं गाव, आपलं देऊळ, आपली माणसं सुटली की देवही सुटला असं वाटू लागतं. पण धारूर तालुक्यातल्या या बाईइतक्या सरळपणे तो मला कुणी विचारला नव्हता. तिला इथे शेवंता म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि ती 'हो' म्हणाली म्हणूनच लिहिते आहे.

शेवंता ऊसतोड करते. ती आणि तिचा नवरा मिळून एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी. दसरा झाला की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, अंगावर घेऊन टोळीबरोबर सांगली-कोल्हापूरकडे जायचं, फडाजवळ कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहायचं आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला की उन्हाळ्यात परत यायचं. लग्नाला सोळा वर्षं झाली, आणि त्या सोळा वर्षांत तिने आपल्या मंडळीत एकही नाताळ पाहिलेला नाही. फडात रविवार नसतो, आणि खाडा केला की पैसे कापले जातात.

पहिल्या दिवशी ती खुर्चीच्या कडेवर बसली. पिशवी मांडीवर आणि एक हात पिशवीच्या बंदावर. गाडी कधीही सुटेल अशा बेताने बसतात ना माणसं, तशी.

मी पहिल्याच भेटीत चुकले. योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौदाव्या अध्यायातलं वचन तिला सांगितलं: माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत. इतकी वर्षं हे काम करते, तरी अवघड प्रश्नावर पटकन वचन चिकटवायची सवय जात नाही. शेवंताने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते मेल्यावरचं झालं, ताई. मला आज रातचं सांगा."

मग मी वचन बाजूला ठेवून विचारपूस केली. झोप? नाही. रात्री अंगातून वाफा निघतात, घामाने पोलकं भिजतं. चिडचिड होते, नंतर रडू येतं, कामून ते कळत नाही. जीव नकोसा वाटतो का, हेही मी स्पष्ट विचारलं. ते विचारायला लाजू नये. "तेवढं नाई," म्हणाली. आणि मग हळूच सांगितलं की दोन वर्षांपूर्वी तिची गर्भपिशवी काढलीय. वय अवघं चौतीस.

बीड जिल्ह्यात हे नवं नाही. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न २०१९मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता. गर्भपिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर शरीराला एका दिवसात म्हातारपण आल्यासारखं होतं: वाफा येतात, झोप उडते, मन काळवंडतं. तिला मी डॉक्टर बाईंकडे पाठवलं. अंडाशयंही काढलेली निघाली, आणि हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. उपचार सुरू झाले. महिनाभराने ती म्हणाली, "म्हंजे हे पाप नव्हतं तर." प्रार्थनेत मन लागत नाही म्हणजे आपल्या हातून काहीतरी घडलं असणार, असं तिने दोन वर्षं धरून ठेवलं होतं. विश्वासणाऱ्यांच्या घरात ही समजूत फार खोल आहे, आणि ती आम्हीच, शिकवणाऱ्यांनीच, पेरली आहे.

झोप आली तरी मूळ प्रश्न उरलाच. देवळात बसते पण पाहुणी वाटते, म्हणाली. हा शब्द आला कुठून, म्हणून विचारलं. दरवर्षी परतल्यावर पहिल्या उपासनेला दारातच कुणीतरी हसत म्हणतं, "काय पाहुणे, कधी आलात?" म्हणणाऱ्याच्या मनात काही नसतं. ऐकणारीच्या मनात मात्र ते सोळा वर्षं साठलं होतं. मी तिच्या परवानगीने पाळकसाहेबांशी बोलले. टोळीवर गेलेल्यांची नावं दर रविवारी प्रार्थनेत घ्यायची, एवढंच मागितलं. त्यांनी लगेच मान्य केलं. आजवर सुचलं कसं नाही, असंही म्हणाले.

तिसऱ्या भेटीत मी तिला बायबलातल्या यहेज्केल संदेष्ट्याची गोष्ट सांगितली. ती तिच्या प्रश्नाच्या अगदी जवळची आहे. ख्रिस्तपूर्व ५९७मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेमातली हजारो माणसं उचलून नेली, आणि त्यांत हा तरुण याजकही होता. त्यांचं मंदिर मागे राहिलं, आणि देव मंदिरात राहतो ही तर त्यांची पक्की समजूत. मग परमुलखात खबार नदीच्या काठी बसून प्रार्थना तरी कुणाला करायची? तिथे यहेज्केलाला देवाच्या सिंहासनाचा दृष्टान्त झाला आणि त्या सिंहासनाजवळ त्याला चाकं दिसली.

"चाकं?"

"चाकं. चारही दिशांना जाणारी."

ती पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकली. "गाडीवानच की मग," म्हणाली आणि तोंडावर पदर घेऊन हसली. देवाला असं म्हटलं म्हणून जरा घाबरलीही.

यहेज्केलाच्याच पुस्तकात पुढे देव म्हणतो की माझी माणसं ज्या ज्या देशांत गेली, तिथे मीच त्यांचं पवित्रस्थान झालो. मंदिर अजून यरुशलेमातच उभं होतं. ते पडलं पुढे ५८६मध्ये. म्हणजे मंदिर शाबूत असतानाच देव हद्दपार माणसांच्या वस्तीवर पोचला होता.

मग मी योहानाच्या त्याच अध्यायात परत गेले, या वेळी तेविसाव्या वचनावर. जो माझ्यावर प्रीती करतो त्याच्याकडे पिता आणि मी येऊ आणि त्याच्याबरोबर वस्ती करू, असं येशू तिथे म्हणतो. मूळ ग्रीकमध्ये 'राहण्याच्या जागा' आणि इथली 'वस्ती' यांना एकच शब्द आहे, आणि नव्या करारात तो या दोनच ठिकाणी येतो. एकदा आपण त्याच्या घरी राहायला जायचं, आणि तोवर त्याने आपल्याकडे राहायला यायचं. शेवंताला ग्रीकचं काही नव्हतं. तिने 'वस्ती' शब्द धरला. "वस्तीची गाडी रातच्याला गावातच थांबती. तसा का?"

मी म्हणाले, "ती सकाळी सुटते. हा राहतो."

"आन् मला जाणवला नाई तर?"

"डोक्यावर मोळी असताना पोरगं कोपीत झोपलेलं असतं. तेव्हा ते तुला जाणवतं का?"

"नाई. पर हाय म्हणून तर मोळी उचलते."

याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी गप्प बसले.

मी जालन्याची. आमच्याकडे बेथेल नावाचं गाव आहे, ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. पण बायबलातल्या याकोबाने हे नाव पहिल्यांदा दिलं तेव्हा तिथे घर नव्हतंच. घरातून पळालेला तो माणूस उघड्यावर दगड उशाला घेऊन झोपला होता, आणि उठल्यावर म्हणाला की परमेश्वर इथे आहे आणि मला ते ठाऊकच नव्हतं. हे ऐकून शेवंता म्हणाली की कोपीवर गेलं की पहिल्यांदा तीन दगड शोधायचे असतात, चुलीचे. पाचटाचं छप्पर नंतर. आमचं एवढंच ठरलं: दगड मांडताना आणि पहाटे तीनला चूल पेटवताना नव्वदाव्या स्तोत्राची पहिली ओळ म्हणायची, की प्रभू, पिढ्यानपिढ्या तूच आमचं निवासस्थान आहेस. तिला वाचता येत नाही, म्हणून पाठ करून घेतली. मन लागलं तर लागलं. नाही लागलं तरी चूल पेटवायचीच असते. गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत, हे मी दोनदा बजावलं.

दसऱ्यानंतर टोळी गेली. २६ डिसेंबरला रात्री फोन आला, मागे ट्रॅक्टरचा आवाज. मंडळीतले तीन कोयते एकाच फडावर आहेत, म्हणाली. नाताळच्या रात्री तिच्या कोपीत बसून गाणं सुरू केलं, आणि मध्येच गाडी भरायला आली.

"मग?"

"मग काय, गाडी भरली. परत येऊन अर्धं राहिलेलं म्हणलं."