वजन बरोबर, पण कट बिलाप्रमाणे नाही

प्रश्न : मुलीच्या साखरपुड्यासाठी चौदा महिन्यांपूर्वी मुंबईतील एका पेढीतून ४ लाख ६० हजार रुपयांची हिऱ्याची अंगठी घेतली. बिलावर ‘१.०१ कॅरेट, गोल, कट एक्सलंट’ असे लिहिले आहे. गेल्या महिन्यात अंगठीचे माप वाढवताना नाशिकच्या सराफाने हिरा मधोमध काळा दिसतो असे सांगितले, म्हणून तो प्रयोगशाळेत तपासला. तेथे कटची श्रेणी ‘फेअर’, म्हणजे ‘एक्सलंट’पेक्षा बरीच खालची, आली. वजन, रंग आणि शुद्धता बिलाप्रमाणेच आहे, कट ही आवडीनिवडीची बाब आहे, असे पेढी म्हणते. आम्ही नाशिकला राहतो. काय करावे?

उत्तर : पेढीचे म्हणणे टिकणारे नाही. हिरा गोल असावा की बदामी, ही आवड झाली. कट म्हणजे पैलूंचे कोन आणि प्रमाणे, आणि ती मोजता येतात. पैलू नेमके पडले असतील तर वरून शिरलेला प्रकाश तळाच्या पैलूंवरून उलटून पुन्हा वर येतो. तळ फाजील खोल असेल तर तोच प्रकाश खालून निसटतो आणि मध्यभागी खिळ्याच्या माथ्याएवढा काळा डाग दिसतो. आपल्या सराफाला दिसला तो हाच. शिवाय आपल्या अहवालात व्यास ६.२ मिलिमीटर आहे, तर नेमक्या प्रमाणांचा एक कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटर भरतो. म्हणजे आपण पैसे मोजलेल्या वजनाचा काही भाग तळात दडला आहे. एक कॅरेट पूर्ण झाले की कॅरेटमागचा भाव एकदम चढतो, त्यामुळे वजन राखण्यासाठी तेजाचा बळी दिला जातो, हे या व्यापारात सर्वांना ठाऊक आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये माल विशिष्ट दर्जाचा किंवा श्रेणीचा असल्याचे खोटे सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. आपल्या बिलात श्रेणीच लिहिलेली आहे, त्यामुळे ते बिल हाच आपला सर्वांत भक्कम पुरावा आहे. मालविक्री अधिनियम, १९३० चे कलम १५ ही वर्णनानुसार विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे, असे सांगते. पोलिसांत जाण्याची घाई मात्र करू नका; तेथे सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो आणि ते अवघड असते.

पेढी ‘हिरा बदलला गेला’ असा बचाव घेईल, त्याची तयारी आधीच करा. पेढीने दिलेल्या प्रमाणपत्राचा क्रमांक हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो का, ते भिंगातून पाहून घ्या. असल्यास नव्या अहवालात त्याची नोंद करून घ्या. ‘तपासून देतो’ म्हणून पेढीने अंगठी मागितली, तर वजन, मापे आणि हा क्रमांक लिहिलेली सही-शिक्क्याची पोच मिळाल्याशिवाय ती हातची सोडू नका.

प्रथम पंधरा दिवसांच्या मुदतीची नोटीस पोचपावतीसह पाठवा आणि अंगठी परत घेऊन पूर्ण रक्कम, अथवा दोन श्रेणींच्या किमतीतील फरक मागा. उत्तर आले नाही, तर आपण राहता तेथील, म्हणजे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मोबदला, म्हणजे आपण मोजलेली किंमत, पाच लाखांपर्यंत असल्याने शुल्क नाही. अहवाल वादग्रस्त ठरल्यास आयोग हिरा सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, तसा अर्ज तक्रारीसोबतच जोडा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. ती दोष कळल्यापासून मोजावी असा युक्तिवाद करता येईल, पण त्यावर विसंबू नका. खरेदीच्या तारखेपासून मोजून उरलेल्या दहा महिन्यांत तक्रार दाखल करा.