नाना खोटं लिहायचे का?

॥ श्री ॥

स्टुटगार्ट, रविवार, रात्री उशिरा

चि. मनू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल जेवताना तू नानांचं पोस्टकार्ड हातात धरून एकेक अक्षर लावत वाचत होतीस. जुलै १९९३ मधलं, कराडहून मला पुण्याच्या होस्टेलवर आलेलं. 'इकडील सर्व क्षेम' इथपर्यंत आलीस आणि थांबलीस. आजीचं मिरजेचं ऑपरेशन त्याच महिन्यात झालं होतं, हे आजीनंच तुला सांगितलं आहे. "बाबा, मग नाना खोटं लिहायचे का?" मी पाणी प्यायलो आणि विषय बदलला. ते तुझ्या लक्षात आलंच असणार. म्हणून हे लिहितो आहे. सावकाश वाच, अडलं तर विचार.

आमच्या घरी पत्र आलं की आई आधी त्याचे कोपरे बघायची. चारही कोपरे शाबूत आणि माथ्यावर 'श्री' असला की तिचा जीव भांड्यात पडायचा, मग बाकीचं सवडीनं. कुणी गेल्याचं कळवणाऱ्या कार्डावर श्री नसायचा आणि कोपरा फाडलेला असायचा. तसलं कार्ड नाना ओट्यावर उभ्यानंच वाचायचे, तिथंच फाडून टाकायचे आणि आंघोळीला जायचे. ते कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. तेव्हा 'सर्व क्षेम' याचा आमच्या घरातला अर्थ 'सगळं छान चाललंय' असा नव्हताच. माणसं जागेवर आहेत, एवढाच होता. निदान मी तरी स्वतःला तसं समजावत आलो.

नाना तालुका कचेरीत कारकून. दिवसभर सरकारी कागद लिहायचे आणि गावातली माणसं संध्याकाळी अर्ज लिहून घ्यायला घरी यायची. त्यांच्या शेजारी बसून मी शिकलो. प्रति, विषय, संदर्भ. विषय एका ओळीत मावला पाहिजे. एका अर्जात एकच मागणी. संदर्भात आधीच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख हवीच, नाहीतर साहेब फाइल शोधणार कशी? स्थळप्रत आपल्याकडे ठेवायची आणि तिच्यावर पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलायचं नाही. कुणी आपली सगळी कर्मकहाणी सांगू लागलं की नाना ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि लिहायचे दोनच ओळी. खाली 'आपला विश्वासू'. परवा तू प्राक्टिकुमसाठी, म्हणजे इंटर्नशिपसाठी, अर्ज लिहिलास तेव्हा मी मागं उभा होतो. विषयाची ओळ तू नेमकी लिहिलीस, नाना असते तर खूश झाले असते. शेवटी तू 'मिट फ्रॉइंटलिशन ग्र्यूसन' लिहिलंस, म्हणजे स्नेहपूर्वक नमस्कार, आणि तोही कधी न पाहिलेल्या माणसाला. ते तुला खोटं वाटलं नाही. हे तुला कोंडीत पकडायला विचारत नाही. मलाच त्यावर विचार करावासा वाटतो.

घरगुती पत्रात मात्र तेच नाना वेगळे असायचे. वडिलांना तीर्थरूप, काकांना तीर्थस्वरूप, बरोबरीच्यांना 'स. न. वि. वि.', म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. काकांना मी चुकून नुसतं तीर्थरूप लिहिलं तर सबंध पत्र पुन्हा लिहायला लावायचे. पत्त्याखालचे पिनकोडचे सहा चौकोन भरताना दर वेळी सांगायचे, की ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसानं बसवली, १५ ऑगस्ट १९७२ पासून. आकडे चौकोनाच्या बाहेर गेलेले त्यांना खपायचे नाहीत.

मी चौथीत असताना शेजारच्या काकूंची पत्रं मी लिहून द्यायचो. त्यांचे मालक परळला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि आमच्या गल्लीत मनीऑर्डरी यायच्या थांबल्या. उन्हाळ्यात काकू अंतर्देशीय घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "लिव, हितं समदं बरं हाय." मला माहीत होतं की बरं नाही. त्यांच्या घरी एक वेळ चूल पेटत नव्हती. मी विचारलं, "काकू, असं कसं लिहू?" त्या म्हणाल्या, "त्येंनी तिकडं वाचून काय करायचं? नुसता घोर." मी लिहिलं. मग घडी घालायला घेतली तर त्यांनी माझा हात धरला. "खाली अजून लिव. शेळी इकली. काळजी करू नगा." ते मी ताजा कलम म्हणून लिहिलं. चौथीतल्या मुलाला एवढंच कळलं की शेळी विकली. त्यांच्या मालकांना काय कळलं असेल, ते मला फार वर्षांनी उमगलं.

आता ते पोस्टकार्ड पुन्हा घे आणि उलटं धर. पत्त्याच्या बाजूला, अगदी कडेला, आडव्या बारीक अक्षरात एक ओळ आहे. काल तू तिथवर पोचलीच नाहीस.

'ता. क. – हल्ली भाकरी मीच थापतो. बऱ्या होतात.'

मनू, नानांनी तोवर चहासुद्धा केलेला कुणी पाहिला नव्हता. हे वाचून मी होस्टेलच्या खोलीत मोठ्यानं हसलो आणि कार्ड मित्रांनाही दाखवलं. आई घरात नाही म्हणून नाना भाकरी थापतायत, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. गणपतीत घरी गेलो तेव्हा आई भिंतीला धरून चालत होती. त्याच महिन्यात मी नानांना लिहिलं होतं, 'अभ्यास ठीक चालला आहे.' मला दोन विषयांत केटी लागली होती. तेव्हा खोटं कोण लिहीत होतं हे विचारायचंच असेल तर माझंही नाव घे.

सगळ्याच रिवाजांची बाजू मी घेणार नाही. २००४ मध्ये नाना गेले आणि पुढच्या महिन्यापासून आईच्या नावामागचं 'सौ.' जाऊन 'गं. भा.' आलं. नातेवाइकांनी प्रेमानंच लिहिलं होतं. पण पोस्टमन ओट्यावर मोठ्यानं नाव वाचायचा आणि आई आतून येताना पदर सारखा करत, खाली बघत यायची. बाईचा नवरा आहे की गेला, हे पाकिटावर कशाला लिहायचं? मी तेव्हापासून नुसतं 'ती. आई' लिहितो. कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला समजावत बसलो नाही. हे मोडलं ते बरंच केलं असं मला वाटतं. तीर्थरूप सोडवत नाही, हेही खरं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. ते 'ती.' लिहिलं की हात आपोआप हळू होतो.

तू असं लिहावंस असा माझा मुळीच आग्रह नाही. आजीला जर्मन शब्द घालून मेसेज केलास तरी ती शेजाऱ्यांना दाखवत फिरते.

पण तुझा प्रश्न नुसता नानांबद्दलचा नव्हता, असं मला रात्रभर वाटत राहिलं. मार्चमध्ये माझी नोकरी गेली, त्या रविवारी आजीचा फोन आला तेव्हा तू सोफ्यावर माझ्या शेजारीच होतीस. मी म्हणालो, "सगळं मजेत, तुझी तब्येत सांग." तू माझ्याकडे पाहिलंस आणि पुन्हा पुस्तकात तोंड घातलंस. पुढं नवी नोकरी लागली आणि आजीला सांगायचं राहूनच गेलं. ती एकटी आहे, ऐंशीची आहे, रात्री तिला झोप लागणार नाही, अशी सगळी कारणं माझ्याजवळ होती. काकूंचीही तीच होती. फरक एवढाच की शेळी विकल्याचं त्यांनी खाली लिहायला लावलं होतं. माझ्या फोनला ताजा कलम नव्हता.

आज दुपारी आजीला पत्र लिहायला बसलो. ती. आई, सा. न. वि. वि., म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, एवढं झालं. त्यापुढं 'इकडील सर्व क्षेम' हे हातातून आपोआप उतरलं, आणि तिथं थांबलो तो अजून थांबलेलाच आहे. ते खोडावं असं वाटत नाही. खाली मार्चचं लिहीन. कडेला आडवं नाही, सरळ ओळीत.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
बाबा

ता. क. – आजीचं पत्र टेबलावर उघडंच ठेवलं आहे. वाचलंस तरी चालेल. तुलाही दोन ओळी लिहायच्या असतील तर खाली जागा सोडतो.